वारा नसलेल्या बाजूची भिंत

१

तंबू नंतर, आधी भिंत. टोरगूनच्या हाताखालून गेलेल्या पोरापोरींना बाकी काही आठवो न आठवो, एवढं झोपेतही आठवतं. दिवसभर स्कीवरून चालून, कमरेला बांधलेली घसरगाडी ओढून अंगाचा पिट्टा पडलेला असतो, पोटात कावळे ओरडत असतात, तरी आधी करवतीनं बर्फाच्या विटा कापायच्या, वाऱ्याच्या तोंडावर छातीएवढी भिंत रचायची, आणि मगच तंबूला हात लावायचा. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरचा वारा कुणाचा सोयरा नाही. येतो तेव्हा विचारून येत नाही.

शाळा उत्तर नॉर्वेतली. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत. शिक्षण संपलेली आणि पुढे काय ते न कळलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं वर्षभर येऊन राहतात आणि वसंतात या मोहिमेवर निघतात. शिकायचं काय, तर चार लोकांना पुढे न्यायला, आणि दुसरा कुणी पुढे नेत असताना गप मागे चालायला. यातलं दुसरं जास्त अवघड. पुढारी म्हणवणाऱ्या एकाही माणसाला ते येत नाही, हे मी पैजेवर सांगते.

म्हणून रोज नवा म्होरक्या. ज्याच्या डोक्यावर लाल लोकरी टोपी, त्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा. टोपीवाला पुढे चालायचा, बाकीचे त्याच्यामागे एका रांगेत. मधूनमधून तो थांबून ओरडायचा, "सगळं ठीक?" प्रश्न एकेकाच्या तोंडून मागे जायचा. शेवटचा माणूस म्हणायचा, "सगळं ठीक," आणि ते उत्तर तसंच तोंडातोंडी पुढे यायचं. शेवटच्याचा शब्द आल्याशिवाय रांग हलायची नाही. आला की थांबायची नाही.

शेवटची जागा शिक्षिकेची, टोरगूनची. तीस वर्षं तिचीच.

संध्याकाळी तंबूत सगळे कोंडाळं करून बसायचे. टोपीवाल्यानं आज काय चांगलं केलं ते प्रत्येकानं सांगायचं. त्यानं मध्ये एक अक्षर बोलायचं नाही, शेवटी फक्त "आभार" म्हणायचं. म्हटलं की त्याचा दिवस संपला. टोपी पुढच्याकडे.

आणि एक रीत होती, ती त्या मुलखाच्या रक्तातलीच. डुगनाड म्हणतात तिला, म्हणजे सगळ्यांचं काम सगळ्यांनी. काम दिसलं की करायचं. केलं की गप बसायचं. 'हे मी केलं' म्हणणारा तिथे ओशाळवाणा, आणि 'हे कुणी केलं' विचारणारा त्याहून ओशाळवाणा.

तर त्या सकाळी टोरगून तंबूतून बाहेर आली. सूर्य मावळतच नव्हता त्या दिवसांत, नुसता आकाशाला गोल गोल प्रदक्षिणा घालायचा. भिंत जागच्या जागी होती. पण तंबूच्या दुसऱ्या अंगाला, जिकडून वारा येत नव्हता, येणारही नव्हता, तिकडे बर्फाच्या विटांची एक छोटी ओळ रचलेली होती. गुडघ्याइतकी. नीटनेटकी.

वारा नसलेल्या बाजूला भिंत कोण बांधतं?

२

"संडासाचा आडोसा असेल," होवार म्हणाला. होवार म्हणजे तिच्या जोडीचा धाकटा शिक्षक. बडबड्या, दाढीत कायम ओट्सची लापशी अडकलेली. "कुणीतरी लाजाळू आहे आपल्यात."

"मग वापरलेला का नाही?"

"ते तू बघून आलीस? कमाल आहे गं तुझी."

योस्टाइन हसला. तो मुलांतला एक, मच्छीमारांच्या घरातला, दोघांचं ओझं एकटा ओढणारा. तुकडीतली सिन्नोवे पातेल्यात बर्फ वितळवत होती, ती हसली नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हात जड. टोरगूननं बघितलं तर सगळ्यांचीच तोंडं तशी. रात्रभर कुणी झोपलंच नसल्यासारखी.

"टोरगून," सिन्नोवे म्हणाली, "माझे हातमोजे ओले कसे? मी दोरीवर वाळत घातले होते."

"माझेपण," योस्टाइन म्हणाला.

"श्वासाची वाफ धरते," टोरगून म्हणाली. "तंबूत एवढी डोकी घोरतायत, मोजे ओले नाही होणार तर काय!"

आपण बोललो ते खरंच असणार, अशा ठसक्यात बोलायची तिला सवय होती. पण वर दोरीवर तिचेही हातमोजे होते. तिनं ते बोटांनी दाबून पाहिले आणि तसेच ओले घातले.

बाहेर टास शेपटीत नाक खुपसून पडला होता. कुत्रा अस्वलाच्या राखणीला. पांढऱ्या मुलखात पांढरं जनावर माणसाआधी कुत्र्याला कळतं. टास वाऱ्यानं पिशवी फडफडली तरी भुंकायचा. पक्षी बसला तरी भुंकायचा. होवारला तर तो रोज सकाळी नव्यानं भुंकायचा. मग कुणीतरी करवत चालवली, विटा कापल्या, उचलल्या, रचल्या, आणि हा गप्प?

म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी. टोरगूनला बरं वाटलं. आणि मग, का कोण जाणे, बरं वाटायचं थांबलं.

३

तिच्या जिवाला खरा घोर होता तो आइलिवचा.

आइलिव रांगेत सगळ्यात हळू. शरीरानं किरकोळ, टोरगूनच्या खांद्याला लागेल एवढाच. त्याच्या पायाचा अंगठा आधी पांढरा पडला, मग सुजला. रोज संध्याकाळी टोरगून तो पाय आपल्या स्वेटरात, पोटाशी धरून बसायची. त्या थंडीत हाच इलाज.

"हेलिकॉप्टर बोलावू?" तिनं विचारलं होतं.

"नको," तो म्हणाला. "टोरगून, मी सैन्यातून परत आलो. बोटीवरच्या कामावरून परत आलो. मला सगळीकडून घरी पाठवतात. आई दार उघडते आणि काही बोलतसुद्धा नाही, कॉफी ठेवते. एवढ्या एका ठिकाणी मला पोचू दे."

त्यावर ती म्हणाली होती, "खाडीकाठच्या झोपडीपर्यंत तू स्वतःच्या पायांनी पोचशील. मी शेवटी चालते. माझ्यामागे कुणी राहत नाही."

शब्द दिला होता तिनं. आणि तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. सकाळी वारा नसलेल्या बाजूला भिंत. या खेपेला दोन भिंती, काटकोनात जुळवलेल्या. टोरगून गुडघ्यावर बसली, गुडघे कुरकुरले. तिनं सांध्यावरून हात फिरवला. काम नामी होतं. प्रत्येक विटेची वरची कड बोटभर तासलेली, म्हणजे वरची वीट आत कलते आणि वारा तिला ढकलण्याऐवजी दाबून धरतो. ही तासायची पद्धत तिची स्वतःची. कुणाकडून शिकली नव्हती, हात झिजवून कमावली होती. मुलं बघून बघून शिकली असतील, तिनं स्वतःला सांगितलं. शिकावं म्हणूनच तर आणलंय.

फक्त कड डाव्या हातानं तासलेली होती. ती डावखुरी. तिच्या तुकडीत दुसरं कुणी डावखुरं नव्हतं.

बघून बघून माणूस तेही उचलतो, तिनं स्वतःला सांगितलं.

४

त्या दिवसापासून तिच्या लक्षात यायला लागलं की मुलं फार चांगली झालीत.

सुरुवातीला भांडायची. स्टोव्ह कुणी सांडला, तपकिरी चीजचा मोठा तुकडा कुणी लाटला, दोरीत गाठ कुणी मारली, यावरून तोंडाला तोंड लागायचं. योस्टाइन सिन्नोवेला 'राणीसाहेब' म्हणायचा, ती त्याला 'सुका कॉड मासा'. आता आवाज बंद. एकानं हात पुढे केला की दुसऱ्यानं त्यात हवी ती वस्तू ठेवलेली. एकानं करवत खाली ठेवली की दुसऱ्यानं उचललेली. तंबू उभा राहायचा तो हवेनं फुगल्यासारखा. कुणी हुकूम सोडत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. टोपी घातलेला नुसता उभा असायचा.

हेच तर ती तीस वर्षं घसा फोडून सांगत आली होती. निघायच्या आधी, शाळेच्या सभागृहात, वॅफल खाता खाता तिनं दरवर्षीसारखं सांगितलं होतं, "ज्याच्यावाचून अडत नाही, तोच खरा म्होरक्या. स्वतःची गरज संपवायची, हे त्याचं काम." मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता ती बाजूला उभी राहून त्यांचे ते बिनबोलाचे हात बघायची आणि आपले रिकामे हात बगलेत धरायची.

आइलिवशी तर सगळे इतके प्रेमानं वागत होते की तिला भीती वाटावी. त्याच्या गाडीतलं सामान हळूहळू इतरांच्या गाड्यांत गेलं. आधी इंधन, मग शिधा, मग त्याची अंथरायची चटई. कुणी विचारलं नाही. त्याची गाडी जवळजवळ रिकामी झाली. ज्याच्याजवळ कुणाच्या गरजेचं काहीच उरलेलं नाही, तो मागे राहिला तर कुणाचं काय अडतं?

हा विचार मनात आला आणि तिची खात्री पटली. त्या भिंतींचा कोनाडा आइलिवसाठी होता, त्याला मागे ठेवायला. कुणी ठरवलं नसेल. भिंत कुणी बांधली हे जसं कुणी सांगत नाही, तसंच हेही. सगळ्यांचं काम सगळ्यांनी.

तिनं होवारला बाजूला घेतलं.

"हेलिकॉप्टर बोलव."

"अंगठा तर सुधारतोय."

"अंगठ्यासाठी नाही. त्या भिंतीसाठी."

होवारनं तिच्या जॅकेटची वरपर्यंत न लागलेली चेन लावून दिली, लहान मुलाची लावतात तशी. "फोनवर काय सांगू? भिंत चांगली बांधलीय, लवकर या? टोरगून, खाडी उद्यावर आलीय. झोपडीत शेगडी आहे, बोट येणार आहे. तू दमलीयस गं. तीस वर्षं दमलीयस."

"म्हातारी म्हण ना सरळ."

"ते तुझ्या तोंडावर म्हणून मला इतक्यात मरायचं नाही," तो म्हणाला. हसताना त्याचे हात तिला दिसले. तळव्यांवर करवतीच्या मुठीचे फोड होते. त्या आठवड्यात होवारनं करवत धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

५

त्या संध्याकाळी कोंडाळं बसलं. टोपी सिन्नोवेच्या डोक्यावर होती, तेव्हा पाळी सिन्नोवेची. पण योस्टाइननं तोंड टोरगूनकडे केलं.

"तू आम्हाला इथवर आणलंस," तो म्हणाला.

"तू कधी आवाज चढवला नाहीस," सिन्नोवे म्हणाली.

"हे मात्र खोटं," टोरगून म्हणाली. कुणी हसलं नाही.

"तू नेहमी शेवटी चाललीस," होवार म्हणाला.

"तू माझा पाय पोटाशी धरलास," आइलिव म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अरे, काय चाललंय काय तुमचं? मी अजून मेलेली नाही!"

क्षणभरानं सगळे हसले. एकदम. आणि एकदमच थांबले. मग स्टोव्हचा आवाज तेवढा राहिला. सगळे तिच्याकडे बघत होते, रागानं नाही, घाईनं नाही. लेकरं आईकडे बघतात तसे. वाट बघत होते. कोको थंड होत गेला, तरी कुणी पेल्याला हात लावला नाही.

काय हवंय ते तिला माहीत होतं. रीत तिनंच घातली होती.

"आभार," ती म्हणाली.

लगेच पेले वाजले, कुणी खोकलं, होवारनं चॉकलेट फोडलं. सिन्नोवेनं टोपी काढली.

"उद्या आइलिव," टोरगून घाईनं म्हणाली. हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. त्याला सगळ्यांच्या पुढेच घातलं की तो मागे राहीलच कसा? "टोपी आइलिवला. वेग त्याचा."

सगळ्यांनी मान डोलावली. जसं काही आधीच ठरलं होतं.

खाडी जवळ आली, अस्वलं वाढली, म्हणून त्या रात्री टासच्या जोडीला माणसाचीही राखण होती; तिला ती स्वतः बसली. पाळी योस्टाइनची होती, पण तिनं त्याला झोपायला पिटाळलं. घसरगाडीवर बसून, बंदूक मांडीवर आडवी घेऊन तिनं वारा नसलेल्या बाजूकडे तोंड केलं. कोण येतं ते बघतेच, ती मनात म्हणाली. जागा कोरी होती, पांढरी, सपाट. उन्हात बर्फ चकचकत होतं, मग खाडीकडून धुकं चढलं आणि ऊन दुधासारखं झालं. तंबूची चेन एकदाही वाजली नाही. याबद्दल ती शपथ घेऊ शकली असती. टासनं तिच्या पायावर डोकं टेकलं. तिनं त्याला थोपटलं.

तिनं पापणी मिटली असेल ती श्वासाच्या अंतरापुरती.

समोर तीन भिंती उभ्या होत्या. खांद्याएवढ्या. चौथी बाजू तिच्याकडे उघडी.

टासच्या पाठीवर करवतीचा भुसा पडावा तसा बर्फाचा चुरा होता. तो शेपूट हलवत होता. करवत तिच्या डाव्या हाताशी, बर्फात रोवलेली. खांदे ठणकत होते, हातमोजे निथळत होते. तिनं उठायचा विचार केला, ओरडून सगळ्यांना जागं करायचाही केला. मग वाटलं, जागं करून विचारायचं काय? हे कुणी केलं?

तिथे असं विचारत नाहीत.

६

सकाळी धुकं इतकं दाट की आपल्या स्कीची टोकं दिसू नयेत. आइलिव टोपी घालून पुढे उभा राहिला. लंगडत होता, पण ताठ. त्यानं होकायंत्र बघितलं, हात वर करून "चला" म्हणाला. आवाजही निराळा होता त्याचा, पोटातून आलेला. टोरगूनला भरून आलं. पोचणार पोरगा. आईला आता काहीतरी बोलावं लागेल.

रांग लागली. त्याच्यामागे सिन्नोवे, मग बाकीची, मग योस्टाइन, मग होवार. टासची दोरी होवारच्या गाडीला. शेवटी टोरगून.

शेवटच्याचं एक काम असतं, मुक्कामाची जागा नजरेखालून घालायची. काही राहिलं का बघायचं. ती स्की काढून मागे वळली. पाडायचाच तो कोनाडा, तिनं ठरवलं होतं. एक लाथ पुरे.

तिनं पाय उचलला आणि खाली ठेवला. इतका थकवा तिला कधी जाणवला नव्हता. हाडांना वजन असतं हे तिला पहिल्यांदा कळलं. शिवाय एक शंका डोक्यात वळवळत होती. आइलिवच्या मानानं ही जागा फार उंच होती. तो आत बसला तर बुडून जाईल. पाय पसरले तरी पुढे जागा रिकामी राहील. मग कुणाच्या मापानं बांधलीय?

बघून तर घेऊ, म्हणून ती आत बसली. फक्त मापापुरती.

वारा थांबला. आठवडाभर कानात भरून राहिलेला तो आवाज कुणी हातानं बंद करावा तसा थांबला. पाठ भिंतीला नेमकी टेकली. खांदे दोन्हीकडे नेमके मावले. गुडघे सरळ करता येत नव्हते तिला, थोडे दुमडूनच बसावं लागायचं. तेवढी जागा सोडलेली होती. शेजारी भिंतीत पेला ठेवायला एक छोटं फडताळ कोरलं होतं.

डाव्या बाजूला.

टोरगूननं त्या फडताळाकडे बराच वेळ बघितलं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं ते एवढंच की काम चोख झालंय, कुठे बोट ठेवायला जागा नाही, आणि असं काम एकट्याच्या हातून होत नसतं.

धुक्यात लांबून आइलिवचा आवाज आला. "सगळं ठीक?"

"सगळं ठीक?" सिन्नोवे. प्रश्न एकेकाच्या तोंडून मागे येत राहिला. "सगळं ठीक?" योस्टाइन. मग अगदी जवळून, पण न दिसता, होवार, "टोरगून, सगळं ठीक?"

थांबा. हा शब्द तिच्या ओठांवर होता. थांबा, मी अजून स्की चढवलेल्या नाहीत, मी मागे आहे.

"सगळं ठीक," तीस वर्षांच्या सवयीनं तिचं तोंड म्हणालं.

"सगळं ठीक," होवार म्हणाला. "सगळं ठीक," योस्टाइन म्हणाला. शब्द पुढे पुढे गेला, बारीक होत आइलिवपर्यंत पोचला, आणि सगळ्या स्की एकदम सरकल्याचा आवाज झाला. एका माणसाचा असावा असा एकच आवाज.

दोरी ताणून टास धुक्यातून पाऊलभर मागे आला. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे, भिंतीच्या वरच्या कडेपलीकडे बघत होता. ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवावी तशी त्यानं शेपूट हलवली. मग दोरीला झटका बसला आणि तो रांगेबरोबर निघून गेला.

आपण उठू शकतो, हे टोरगूनला ठाऊक होतं. धावलो तर गाठूही. रांग हळू चाललीय, वेग आइलिवचा आहे. तो पोचेल. मागे कुणी राहणार नाही, असा शब्द दिला होता तिनं, आणि तिच्यामागे कुणी राहिलं नव्हतं.

एक श्वास घ्यावा आणि मग उठावं, असं तिनं ठरवलं.

पाठीमागे, अगदी भिंतीला लागून, करवत चालू झाली. सावकाश, न थांबता, दमलेल्या पण सरावलेल्या हाताची. वीट सुटल्याचा तो कोरडा आवाज झाला. मग जड पावलं भिंतीला वळसा घालून, बंद व्हायची उरलेल्या चौथ्या बाजूकडे यायला लागली.

वीट देणारा आला की घेणाऱ्यानं तयार असावं. हे तिनंच शिकवलेलं.

टोरगूननं ओल्या हातमोज्यांतले दोन्ही हात पुढे केले.